टाचांचा आवाज

१

त्या सकाळी लॉस एंजेलिसने एका पोरीला कॉफीबरोबर तोंडी लावलं.

ऑगस्टा पेल कॉफीच्या रांगेत उभी होती. पुढच्या दोघा पोरांनी एक फोन मध्ये धरला होता आणि ते दात काढत होते. फोनमधून एक बाई गात होती. वाद्यं नाहीत, कोरस नाही, नुसता उघडा गळा. पहिली ओळ ठीक होती. दुसऱ्या ओळीपासून सूर घसरायला लागला, आणि वरच्या पट्टीत तर गळा असा फाटला की रांगेतली एक म्हातारीही खुदकन हसली. मागे टाचांची टकटक चालू होती, बाई गाता गाता नाचत असावी तशी.

"हिला ऑस्कर देणार म्हणे," एक पोरगा म्हणाला.

"देतील की. धुलाईचं."

ऑगस्टाने कॉफी न घेताच रांग सोडली. तिने साठी ओलांडली होती. अर्धं आयुष्य तिने सिनेमावाल्यांच्या वकिलांसाठी लोकांची लफडी उकरण्यात घालवलं होतं, आणि त्यातला सगळ्यात घाणेरडा हंगाम तिला विचाराल तर पुरस्कारांचा. जानेवारी लागला की हे शहर देवळासारखं वागायला लागतं आणि आत बघावं तर सगळे चपलाचोर.

गाणारी बाई म्हणजे मारिसोल ट्रेहो. सिनेमा 'रोझडेल लाँड्री'. कपडे धुण्याच्या दुकानातल्या मुलींचा संगीतपट. बाकीच्या संगीतपटांत गाणी आधी स्टुडिओत ध्वनिमुद्रित होतात आणि सेटवर नट नुसते ओठ हलवतात. या सिनेमात मारिसोल कॅमेऱ्यासमोर उभी राहून खरोखर गायली होती, एकूण एक गाणं. 'प्रत्येक सूर कॅमेऱ्यासमोर' असं पोस्टरवर तिच्या नावाखाली छापलं होतं. पहिल्याच सिनेमात तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं नामांकन मिळालं होतं, सिनेमालाही मिळालं होतं, आणि मतदान मंगळवारी संपणार होतं. आता त्या फोनमधल्या क्लिपखाली कोणीतरी लिहिलं होतं, 'सेटवरचा खरा आवाज. घ्या ऐकून.'

काल रात्रीपर्यंत सट्टेबाज सिनेमाला दुसऱ्या नंबरावर धरत होते, पाणबुडीवरच्या एका युद्धपटाच्या खालोखाल. सकाळी त्यांनी त्याला तळाला टाकलं होतं.

दिग्दर्शक ग्रेडी हॉलनचा फोन आलाच. ऑगस्टा त्याच्या ऑफिसात पोचली तेव्हा तो खिडकीशी उभा राहून नखं खात होता.

"चोर सापडलाय," तो म्हणाला. "आर्मेन बेदिकियान. माझा साउंडवाला. त्याचं येणं मी सकाळीच बंद केलं. तू फक्त पुरावा आण."

"मग मला कशाला बोलावलंस? पुरावाही तूच शिवून घे ना घरी."

"ऑगस्टा, चेष्टेची वेळ नाहीये गं. त्या पोरीचं नाव बुडालं. ती खोटारडी ठरली तर तिला पुन्हा या गावात कोणी उभं करणार नाही."

"ती खरं गाते का?"

"गाते."

"मूळ रेकॉर्डिंग आहे तुझ्याकडे?"

"आहे."

"मग ते आत्ता ऐकव लोकांना. विषय संपला."

ग्रेडीने तोंडातून नख काढलं. "रविवारी. मतदारांसाठी खास खेळ आहे, तेव्हा. सबीन म्हणते रविवारपर्यंत थांबायचं."

घराला आग लागलीय आणि हा पाण्याची बादली रविवारपर्यंत झाकून ठेवणार. ऑगस्टाने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याने नजर चुकवली.

२

सबीन लॅथम पुरस्कार मिळवून द्यायचा धंदा करायची. सिनेमा कोणाचाही असो, मतदारांना कुठे जेवायला बोलवायचं, कोणाला कोणाशेजारी बसवायचं, कोणत्या मुलाखतीत नटीने कधी डोळे पुसायचे, हे सगळं ती ठरवायची. तिच्या ऑफिसात थंडगार कोळंबीची ताटं मांडलेली होती आणि भिंतीवरच्या पोस्टरमध्ये मारिसोल दोन पुरुष उंच हसत होती.

"बस," सबीन म्हणाली. "कोळंबी घे. मेलेल्यांच्या घरी जेवत नाही असं म्हणू नकोस, आम्ही अजून मेलो नाही."

"मारिसोलचा सुटा आवाज, वाद्यांशिवायचा, कोणाकोणाकडे होता?"

"तीन ठिकाणी. आर्मेनकडे, ग्रेडीच्या संकलन खोलीत, आणि माझ्याकडे. आम्ही एक जाहिरातपट करणार होतो म्हणून मागवला होता." तिने कोळंबीचं शेपूट बाजूला ठेवलं. "आता तू विचारणार, मग तूच का नाही? अगं, मी माझ्याच घोड्याचा पाय कशाला मोडीन?"

ऑगस्टाने चिडून कोळंबीचं ताट दूर सरकवलं.

"आर्मेनवर एवढी खात्री कशाने?"

सबीनने फोन काढून क्लिप लावली. फाटलेला गळा त्या गुळगुळीत खोलीत घुमला. सबीनने बोट वर केलं. "टाचा ऐक. ऐकू येतात? स्टुडिओत माइकसमोर उभं राहून कोणी टाचा आपटतं का? हे सेटवरचंच आहे. आणि सेटवरचं कच्चं रेकॉर्डिंग साउंडवाल्याच्या हातात असतं. त्याला ध्वनीचं नामांकन मिळालं, पण पोस्टरवर नाव मिळालं नाही. माणूस असाच सडतो."

बोलणं सरळ होतं. ऑगस्टाला ते पटलं, आणि पटलं म्हणून ती आणखी चिडली.

"तू स्वतः सेटवर होतीस का कधी?"

"मी?" सबीन हसली. "मी सिनेमा पुरा झाल्यावर येते, बाई. सुईण वेगळी, मी बारशाची."

"मारिसोल कशी आहे?"

"आईकडे जाऊन बसलीय. रडतेय. रडू दे," सबीन म्हणाली. "बाई रडते तेव्हा लोक जवळ येतात."

३

इमोजेन क्रॉसने ऑगस्टाला आत घेतलं, पण बसायला सांगितलं नाही. या बाईने वीस वर्षं पडदा गाजवला होता. 'रोझडेल लाँड्री'त ती दुकानाची मालकीण होती, आणि पहिल्या प्रसंगापासून शेवटच्यापर्यंत होती. पण एकाच सिनेमाच्या दोन नायिका उभ्या केल्या तर मतं फुटतात. म्हणून प्रचारवाल्यांनी तिला 'सहायक' गटात ढकललं आणि मुख्य गट मारिसोलसाठी मोकळा केला. ही इथली रीतच आहे. रीत आहे म्हणून कोणाला गोड लागते असं नाही.

"हो, मी जळते," इमोजेन म्हणाली. "सिनेमा माझ्या खांद्यावर आणि मी सहायक. पण ते मी सबीनच्या तोंडावर म्हणाले, पाठीमागे नाही. आणि तो सुटा आवाज माझ्याकडे यायचा कुठून? मला माझ्या स्वतःच्या सिनेमाची प्रत मागूनही मिळत नाही."

"क्लिप ऐकलीत?"

"नाही. दुसऱ्याची विटंबना मी न्याहारीला घेत नाही."

"ती सेटवर खरंच गायची?"

"गायची? अहो, सेटवर बाकी कोणाला श्वास घ्यायची सोय नव्हती. त्या आर्मेनने माझ्या कानातले डूल काढून घेतले, किणकिणतात म्हणून. माझा कडक परकर बदलायला लावला. आम्ही तीस बायका नाचायचो आणि पान पडलं तरी ऐकू यावं अशी शांतता. आम्ही स्वतःला मांजरं म्हणायचो." तिचा चेहरा पहिल्यांदाच जरा मऊ झाला. "आणि त्या शांततेत ती पोरगी गायची. मला तिचा राग येतो, पण ती गायची. हे लिहून घ्या आणि माझं नाव घाला खाली."

तिथून ऑगस्टा ग्लेनडेलला आर्मेनच्या घरी गेली. त्याने दार अर्धंच उघडलं. जाड भुवया, सुजलेले डोळे.

"पुरावा न्यायला आलीस? काय हवंय, माझ्या हाताचे ठसे?"

"आधी कॉफी हवीय. सकाळपासून प्यायले नाही."

कॉफीला कोणी नाही म्हटलं तर आर्मेनच्या घराण्याला बट्टा लागला असता. त्याने छोट्या भांड्यात ती काळीकुट्ट कढवली आणि टेबलावर जरा आपटूनच ठेवली.

"पहिली ओळ ऐकली आणि फोन भिंतीवर मारला," तो म्हणाला. "पुढचं ऐकलं नाही, ऐकणारही नाही. ती ओळ तिचीच आहे, ऑगस्टा-जान. पण पुढे लोक म्हणतात ती बेसूर होते, तशी ती कधी झालीच नाही. कोणीतरी यंत्रावर सूर ओढून खाली आणलेत. आजकाल पोरंसोरं करतात ते."

"सिद्ध कर."

"कशाने? मूळ सगळं त्यांनी काढून घेतलं. ग्रेडीकडे आहे आणि त्या कोळंबीवाल्या बाईकडे आहे." त्याचा आवाज चढला. "माझ्या हयातीत मी कोणाचा श्वाससुद्धा चोरला नाही. आणि रविवारी ते माझं नाव घेणार आहेत. स्टेजवरून. माझ्या बायकोला तिच्या भावाकडून कळलं, तो तिथे दिवे लावतो."

ऑगस्टाच्या हातातला कप थांबला. "रविवारी? मी अजून चौकशी करतेय."

"तुझी चौकशी?" आर्मेन म्हणाला. "तुला नुसतं पाहुणी म्हणून पाटावर बसवलंय. ताट आधीच वाढलंय."

४

दुसऱ्या दिवशी ऑगस्टा बॉइल हाइट्सला गेली. मारिसोलच्या आईचं दुकान खरंच कपडे धुण्याचं होतं. नाणी टाकायची यंत्रं रांगेने घरघरत होती. आई, डोलोरेस, काउंटरवर चादरी घडी करत होती. मारिसोल मागच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"कोण तुम्ही? पत्रकार असाल तर यंत्रात घालीन," डोलोरेस म्हणाली.

"मी पत्रकार नाही. तुमच्या मुलीवर कोणी चिखल टाकला ते शोधतेय."

"मग शोधून झाल्यावर त्याला इकडे घेऊन या. गरम पाण्याचं यंत्र आहे माझ्याकडे." तिने चादर झटकली आणि आवाज खाली केला. "लहानपणापासून ही घडी करताना गुणगुणते, बाई. झोपेतही गुणगुणते. काल क्लिप ऐकली तेव्हापासून दुकानात नुसतं यंत्रांचं ऐकतेय मी."

ऑगस्टा मारिसोलशेजारी बसली.

"तू कशी गायलीस ते तुला ठाऊक आहे ना?"

"होतं," मारिसोल म्हणाली. "शूटिंगला माझ्या कानात छोटं यंत्र असायचं, त्यात पियानो वाजायचा. बाकी कोणाला तो ऐकू जायचा नाही. मला माझा आवाज पियानोच्या मागून यायचा. तेव्हा वाटायचं मी सुरात आहे. पण क्लिपमधला आवाज माझाच आहे, बाई. माझा श्वास मला कळतो. मग कदाचित मी अशीच गायले असेन. सगळे मला बरं वाटावं म्हणून वा वा करत असतील."

"ग्रेडीने तुला मूळ रेकॉर्डिंग ऐकवलं नाही?"

"मी मागितलं. तो म्हणाला, आत्ता नको, तुझं डोकं ठिकाणावर नाही."

मुलीचं रेकॉर्डिंग, तिचा गळा, आणि तिलाच ऐकायची बंदी. ऑगस्टाने राग गिळायला मान वर केली, तेव्हा तिला भिंतीवरच्या खिळ्याला लटकवलेले लाल बूट दिसले. उंच टाचेचे, पट्टा असलेले.

"सिनेमातले?"

"हो. शेवटच्या दिवशी कपडेपटाने दिले. आईने देवासारखे टांगलेत."

ऑगस्टाने एक बूट खाली काढला आणि उलटा केला. तळव्याला आणि टाचेला करड्या लोकरी कापडाचा जाड थर चिकटवलेला होता. बोटाएवढा जाड, कडेने कात्रीने नीट कापलेला.

"हे काय? झिजले म्हणून लावलं?"

"नाही, पहिल्या दिवसापासून आहे. सगळ्यांच्याच बुटांना होतं. आर्मेनने स्वतः बसून चिकटवलं."

ऑगस्टा उठली. तिने तो बूट हातात घट्ट धरला आणि टाच पूर्ण ताकदीने काउंटरवर आपटली.

आवाज आला नाही.

५

रस्त्यावर गाडीतूनच तिने आर्मेनला फोन लावला.

"सिनेमात टाचा वाजतात त्या कोणाच्या?"

"बरबँकच्या एका बाईच्या. शूटिंगनंतर काही महिन्यांनी, बंद खोलीत, फळीवर. पडद्याकडे बघत एकेक पाऊल वाजवते ती. का?"

"तो भिंतीवर मारलेला फोन चालतोय ना? क्लिप ऐक. पूर्ण ऐक. दुसऱ्या ओळीपासून."

पलीकडे क्लिप वाजून संपली. मग आर्मेनने आर्मेनियन भाषेत एक लांबलचक शिवी हासडली.

"तिसऱ्या ओळीवर एक टाच अडखळते," तो म्हणाला. "बरबँकच्या बाईचा पाय फळीवर सरकला होता. आम्हाला आवडलं म्हणून आम्ही ठेवलं. तेच आहे हे, ऑगस्टा-जान. तेच अडखळणं."

ग्रेडीच्या ऑफिसात सबीन आधीच बसली होती. ऑगस्टा मारिसोलला घेऊन आत शिरली आणि तिला ग्रेडीच्या समोरच्या खुर्चीत बसवलं. बूट तिने टेबलावर ठेवला, तळ वर करून.

"ही क्लिप बनवायला दोन गोष्टी लागतात," ऑगस्टा म्हणाली. तिचा आवाज खाली होता. तो खाली गेला की जुने वकील कागद आवरायला लागत. "एक, मारिसोलचा सुटा आवाज. म्हणजे विरोधी पाणबुडीच्या सिनेमावाले सुटले आणि इमोजेन सुटली. त्यांच्याकडे तो नव्हताच. तो होता आर्मेनकडे, ग्रेडी तुझ्याकडे आणि सबीन तुझ्याकडे. दुसरी गोष्ट अडाणीपणा. क्लिप सेटवरची वाटावी म्हणून कोणीतरी तिच्यात सिनेमातल्याच टाचा उचलून घातल्या. ज्याने सिनेमा नुसता पडद्यावर पाहिला त्याला वाटणारच, ती नाचते तर टाचा हव्यातच. पण सेटवर टाचा वाजतच नव्हत्या. हे आर्मेनला माहीत, कारण कापड त्याने चिकटवलं. ग्रेडीला माहीत. सेटवरच्या तीस बायकांना माहीत. फक्त बारशाला आलेल्या बाईला माहीत नव्हतं. आणि तिनेच मला बोट वर करून सांगितलं, टाचा ऐक."

सबीनने बुटाकडे पाहिलं. मग हसली, पण ते हसू ओठांपुरतंच होतं.

"लोकरी कापड," ती म्हणाली. "कोण बघायला जातं बुटांच्या तळाला."

"कबूल आहे तर."

"कबूल काय, मी काम केलंय माझं. संगीतपटाला हे लोक टाळ्या देतात, गुणगुणत घरी जातात आणि मत पाणबुडीला देतात. दरवर्षी. गाणं म्हणजे करमणूक, युद्ध म्हणजे कला. त्यांचं मत हवं असेल तर त्यांना आधी लाज वाटली पाहिजे. तीन दिवस ते एका गरीब पोरीची टर उडवतील. रविवारी मी त्यांना मूळ आवाज ऐकवणार. सगळे उभे राहतील, सगळे रडतील, आणि मंगळवारच्या आत आपली लाज धुऊन टाकायला तिला मत देतील."

"आणि आर्मेन?"

"गोष्टीला दुष्ट लागतो. साउंडवाला पटकन पटतो लोकांना."

"आणि ही?" ऑगस्टाने मारिसोलकडे हात केला. "हिला स्वतःच्या गळ्याचा भरवसा राहिला नाही. हिला का नाही ऐकवलंत?"

सबीनने मारिसोलकडे पाहिलंही नाही. खोलीत खुर्ची ठेवलेली असावी तशी ती बोलली. "ऐकवलं असतं तर रविवारी तिचा चेहरा खरा दिसला नसता."

ऑगस्टा ग्रेडीकडे वळली.

"तू रोज सेटवर होतास. क्लिप ऐकल्याऐकल्या तुला टाचा खटकल्या असणार. तुला पहिल्या सकाळीच कळलं होतं हे कुठून आलं. मला चोर शोधायला बोलावलंच नव्हतंस. आर्मेनवर शिक्का मारायला बोलावलंस."

ग्रेडी पुन्हा नखं खायला लागला. "सात वर्षं दिलीत मी या सिनेमाला," तो पुटपुटला. "मारिसोल, ऐक. हे बाहेर गेलं तर सिनेमा गेला. तुझंही गेलं. आपल्याच माणसांनी केलं म्हटल्यावर कोण मत देईल? आणि गप्प राहिलो तर तू जिंकतेस. खरंच जिंकतेस. आर्मेनचं मी बघेन पुढे काहीतरी."

मारिसोलने बूट उचलून मांडीवर घेतला.

"रविवारी मी काय घालायचं?" तिने विचारलं.

ग्रेडीने सुटकेचा श्वास टाकला. सबीनने मान डोलावली, आपला हिशोब बरोबर आला म्हणून. ऑगस्टा उठली आणि दार आपटून बाहेर पडली. लिफ्टमध्ये तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं आहे अशी तिने स्वतःची समजूत घातली.

६

रविवारी दुपारी सभागृह भरलं होतं. मतदार बहुतेक उतारवयाचे, हातात कोळंबीच्या बश्या. आर्मेन यायला तयार नव्हता. "माझी फाशी बघायला येऊ?" असं तो म्हणाला. पण सकाळी मारिसोलने स्वतः फोन करून या म्हटलं, काय करणार ते सांगितलं नाही. तो ऑगस्टाबरोबर शेवटच्या रांगेत बसला. बायकोने जबरदस्तीने कोट घालून पाठवलं होतं. सबीन पहिल्या रांगेत होती.

सिनेमा संपला. ग्रेडीने स्टेजवर येऊन मूळ रेकॉर्डिंग लावलं.

नुसता गळा. वाद्यं नाहीत, कोरस नाही, कपड्याची सळसळ आणि श्वास. वरच्या पट्टीत तो आवाज न फाटता वर गेला आणि तिथे थांबला. टाचा कुठेच नव्हत्या. मारिसोल पडद्याच्या कडेला उभी होती. स्वतःचा सुटा गळा तिने तिथे पहिल्यांदाच ऐकला, आणि तिचा चेहरा सबीनला हवा होता तसाच खरा होता. ते बघून ऑगस्टाने मुठी आवळल्या.

लोक उभे राहिले. म्हाताऱ्या बायका डोळे पुसत होत्या. टाळ्या थांबेनात. ग्रेडीने माइक ओढला. "हे पाप कोणी केलं ते तुम्हाला कळायला हवं," तो म्हणाला. "आमच्याच एका..."

मारिसोलने त्याच्या हातातून माइक घेतला. लांब झग्याखाली तिचे पाय दिसत नव्हते.

"बसा जरा," ती लोकांना म्हणाली. "एक गंमत दाखवते. क्लिप लावा. ती, सगळ्यांनी ऐकलेली."

दिवेवाल्याने, म्हणजे आर्मेनच्या मेहुण्याने, ती लावली. फाटका गळा. टक, टक, टक.

"टाचा ऐकल्यात? आता हे ऐका."

तिने झगा घोट्यापर्यंत वर उचलला. लाल बूट. ती स्टेजच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. लाकडी स्टेज होतं, चांगलं पोकळ. मग ती वळली आणि नाचत परत आली, सिनेमातली पावलं, टाचा आपटत, सगळं अंग झोकून. हजार माणसांच्या सभागृहात काहीही ऐकू आलं नाही. कोणाचा तरी काटा बशीत पडला तेवढाच आवाज.

"सेटवर आम्ही असेच चालायचो," मारिसोल धापा टाकत म्हणाली. "हे कापड आर्मेन बेदिकियानने चिकटवलंय. त्याला माझा आवाज हवा होता, बुटांचा नको. सिनेमातल्या टाचा नंतर दुसऱ्या बाईने वाजवल्या. हे ज्याला माहीत नव्हतं त्याने ही क्लिप बनवली. पाणबुडीवाल्यांनी नाही आणि आर्मेननेही नाही. बनवणाऱ्या बाई पहिल्या रांगेत बसल्यात. तुमच्या हातातली कोळंबी त्यांचीच आहे. दिग्दर्शकांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आता द्या मत कोणाला द्यायचं ते."

तिने माइक ग्रेडीच्या हातात दिला आणि स्टेजवरून उतरून मधल्या वाटेने बाहेर निघाली. लोक तिच्या पायांकडे बघत होते. शेवटच्या रांगेपाशी आर्मेन उभा राहिला होता. ती त्याच्याशी काही बोलली नाही, नुसता त्याचा कोट सरळ केला.

निकाल काय लागला ते सांगायला नकोच. सिनेमाला एकही पुरस्कार मिळाला नाही. लोकांना लाज वाटली खरी, पण ज्याच्यामुळे लाज वाटते त्याला कोणी मत देत नाही, हे सबीनला कळलं नव्हतं. तिला त्याचं काही वाटलंही नसावं. निकालाच्या आतच पुढच्या वर्षीच्या एका सिनेमाने तिला प्रचारासाठी नेमून टाकलं. मारिसोलबद्दल मात्र गावात बोललं जायला लागलं की पोरगी गुणी आहे पण अवघड आहे. ऑगस्टाने ते वाचून वर्तमानपत्राचे चार तुकडे केले आणि ग्रेडीला बिलाबरोबर पाठवले.

सोहळ्याच्या दिवशी मारिसोलला बोलावणं होतं. ती गेली नाही. दुकानाच्या कोपऱ्यातल्या टीव्हीवर डोलोरेसने सोहळा लावला होता. आर्मेन बायकोने दिलेला डबा घेऊन आला होता, ऑगस्टा यंत्राला टेकून उभी होती. ध्वनीचा पुरस्कार पाणबुडीला गेला.

"चांगलं होतं काम त्यांचं," आर्मेन म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं.

"चूप बस," ऑगस्टा म्हणाली. "मला आज कोणाचं चांगलं ऐकायचं नाही."

अभिनेत्रीच्या पुरस्काराची नावं पुकारली जायला लागली. मारिसोल टीव्हीकडे पाठ करून चादरी घडी करत होती. एक झाली, दुसरी घेतली. आणि मग, यंत्रांच्या घरघरीखालून, तिचं गुणगुणणं सुरू झालं. सिनेमातलं गाणं नव्हतं ते, असंच काहीतरी, घरचं.

डोलोरेसने लिफाफा फुटायच्या आत टीव्हीचा आवाज बंद करून टाकला.